मागे ओढलेल्या तोफा

१ फेब्रुवारी १९५४ची रात्र. व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या खोऱ्याभोवतीच्या डोंगरांतली एक अरुंद वाट. दिवा लावायची सोय नाही, कारण वर फ्रेंच विमानं घिरट्या घालतात आणि खोऱ्यातल्या फ्रेंच तोफा अधूनमधून अंदाजाने गोळे टाकतात. ३७ मिलिमीटरची एक विमानविरोधी तोफ, वजन दोन टनांहून जास्त, माणसं दोरांनी धरून उतारावरून हळूहळू खाली सोडताहेत. मागे दोर धरलेली लांब रांग, पुढे तोफेचा दांडा हातात धरून तिला वळण देणारे दोघं. त्या उताराचं नाव केळीचा उतार. मधेच मुख्य दोर तुटतो आणि तोफ सुटते. दांडा धरलेल्या दोघांपैकी एकजण, 'तो विन्ह दिएन' असं पूर्ण नाव असलेला तुकडीप्रमुख, बाजूला उडी मारत नाही. तो स्वतःला चाकाखाली झोकून देतो. तोफ त्याच्या अंगावर अडते, तिरकी होते आणि थांबते. दरीत जात नाही.

व्हिएतनाममध्ये ही गोष्ट शाळकरी पोरांनाही पाठ असते. सांगताना भर त्याच्या धैर्यावर असतो, आणि तो असायलाच हवा. मनातून जात नाही ती मात्र दुसरीच गोष्ट. ती तोफ शत्रूवर डागण्यासाठी चालली नव्हती. ज्या रस्त्याने दहा-बारा दिवसांपूर्वी जिवाच्या आकांताने ओढत नेली, त्याच रस्त्याने ती परत आणली जात होती.

लढाईला अजून सुरुवातही झालेली नव्हती.

आधी तोफा आत कशा नेल्या, ते पाहिल्याशिवाय परत आणण्याचा अर्थ कळत नाही. तुआन ज्याओहून दिएन बिएन फूकडे येणाऱ्या रस्त्यावर सत्तराव्या किलोमीटरच्या आसपास तोफा ट्रकमागून सोडवल्या. तिथून पुढे ट्रकचा आवाज आणि दिवे नेणं म्हणजे फ्रेंचांना बोलावणं. म्हणून जंगलातून जेमतेम तीन मीटर रुंदीची साधारण पंधरा किलोमीटरची वाट कुदळ-फावड्यांनी कोरली. मध्ये फा सोंग हा साडेअकराशे मीटरचा डोंगर. वरून दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे वाकवून एकमेकांना बांधले, त्यावर वेली सोडल्या. तोफा दोन प्रकारच्या होत्या. १०५ मिलिमीटरच्या चोवीस, सव्वादोन टनांच्या, मूळ अमेरिकन बनावटीच्या आणि चीनमार्गे आलेल्या. शिवाय ३७ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा. एकेका तोफेला साठ ते शंभर माणसं जुंपलेली. जुंपलेली हाच शब्द बरोबर आहे.

चढावर पद्धत अशी. पुढे दोन-तीन लांब दोर, त्यांवर माणसांच्या रांगा. एकजण आरोळी देतो, तिच्या ठोक्यावर सगळे एकदम ओढतात, तोफ वीतभर सरकते. त्याच क्षणी चाकाशी बसलेल्या दोघांनी लाकडी ठोकळे चाकामागे सरकवायचे. ठोकळा लावणाऱ्याचा हात क्षणभर जरी मागे राहिला तरी मिळवलेली वीत जाते आणि तिच्याबरोबर आणखी चार हात जातात. चढ फार उभा असला तर वरच्या झाडाला बांधलेल्या लाकडी रहाटाला दोर गुंडाळून ओढ घ्यायची. चढ परवडला. माणसं थकली, ठोकळे लावले, श्वास घेतला, पुन्हा लागले. उतारावर ती मुभा नाही. तिथे तोफ स्वतःच्याच वजनाने पुढे धावू पाहते, आणि माणसांचं काम तिला ओढण्याचं राहत नाही, अडवण्याचं होतं. दोराचा वेढा झाडाला घालून इंचाइंचाने सोडायचा. दोर सालीवर घासून झिजतो. दवाने भिजला की हातांतून निसटतो. सगळ्यात वाईट वळणं. तिथे दोर एका बाजूला, तोफ दुसऱ्या बाजूला. मागची ओढ कमी पडली तर दांडा पुढच्यांच्या हातातून हिसकला जातो आणि चाक दरीकडे वळतं. सगळं रात्री, अंधारात. एका रात्रीत किलोमीटरभर अंतर गेलं तर ती रात्र चांगली म्हणायची.

हे सगळं करून तोफा जवळपास जागेवर आल्या होत्या. हल्ला आधी २० जानेवारीला ठरला होता, मग २५ला, मग २६ला संध्याकाळी. बेत होता 'झटपट मारा, झटपट जिंका' असा. तीन रात्री आणि दोन दिवसांत खेळ संपवायचा. चिनी सल्लागारांचाही या बेताला पाठिंबा होता. फ्रेंच छत्रीधारी २० नोव्हेंबर १९५३ला खोऱ्यात उतरले होते. त्यांना पाय रोवू देण्याआधीच उखडायचं, असा विचार त्यामागे होता आणि तो खुळा नव्हता. फक्त तोफा पोचेपर्यंत दोन महिने गेले होते आणि फ्रेंचांनी पाय रोवले होते. ठाणी वाढली होती, तारांची कुंपणं, सुरुंग, रणगाडे, दोन धावपट्ट्या, सगळं आलं होतं.

व्हिएतनामी सेनापती व्हो न्गुएन गियाप पेशाने इतिहासाचा शिक्षक. कुठल्याही लष्करी विद्यालयात न शिकलेला. त्याला हा बेत पहिल्या दिवसापासून रुचला नव्हता, पण त्याने तो लगेच मोडलाही नाही. अकरा दिवस तो त्यावर विचार करत राहिला. सैन्याच्या सुरक्षा विभागातल्या फाम किएत या अधिकाऱ्याने आघाडीवरून फोन करून सांगितलं होतं, की आपल्या तोफा उघड्यावर उभ्या आहेत, उलट मारा सुरू झाला तर त्यांचं काही खरं नाही. २५ जानेवारीच्या रात्री गियापला झोप लागली नाही. डोकं इतकं दुखत होतं, की वैद्याने दवण्याच्या जातीचा पाला कपाळाला बांधला होता. त्याच अवतारात २६ला सकाळी तो मुख्य चिनी सल्लागार वेई ग्वोचिंगला भेटला. त्याच्या मनात तीन कारणं होती. आपल्या सैन्याने आजवर एका बटालियनपेक्षा मोठं पक्कं ठाणं कधी घेतलेलं नाही. पायदळ आणि तोफखाना एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र कधी लढलेले नाहीत. एका रेजिमेंटच्या प्रमुखाने तर वापरता येत नाहीत म्हणून तोफा परत करायची तयारी दाखवली होती. आणि आपली माणसं रात्री, झाडीत लढायला सरावलेली. इथे पंधरा किलोमीटर लांबीच्या उघड्या मैदानात, दिवसाउजेडी, विमानांखाली लढायचं आहे. वेई तयार झाला. मग पक्षाच्या आघाडी समितीची बैठक. तिथे विरोध झाला. माणसं पेटलेली आहेत, तोफा आत आल्या आहेत, आता माघार घेतली तर त्यांना काय सांगायचं? गियापने एकच प्रश्न लावून धरला. शंभर टक्के जिंकूच, याची खात्री कोण देतं?

ती कोणी दिली नाही.

हा निर्णय आपल्या आयुष्यातला सगळ्यात कठीण निर्णय होता, असं गियाप पुढे आयुष्यभर सांगत राहिला. शंभरी ओलांडून २०१३ला गेला, तोवर. लोक हे वाक्य एका सेनापतीचं म्हणून वाचतात. मला ते दोर धरलेल्यांच्या बाजूने वाचावंसं वाटतं. सुजलेले खांदे, दोराने सोललेले हात, आणि संध्याकाळी हल्ला होणार म्हणून अंगात आलेली वेगळीच उभारी. तेवढ्यात हुकूम येतो, की तोफा मागे घ्या. कारण सांगायची सोय नव्हती, कारण कारण सांगितलं की ते पसरतं. साम्यवादी सैन्यात असल्या वेळी राजकीय अधिकारी रात्रभर माणसांत फिरून समजावतात, त्यांनी समजावलं. त्याच दिवशी एक अख्खी डिव्हिजन लाओसमधल्या लुआंग प्राबांगच्या दिशेने धाडली, फ्रेंच विमानांचं लक्ष तिकडे जावं म्हणून. आणि तोफा निघाल्या उलट्या. आता गुपित थोडं फुटलेलं होतं, वाटेवर गोळे पडत होते. ३ फेब्रुवारीला तेत, त्यांचं नवं वर्ष. म्हणजे तो विन्ह दिएनच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी. सण वाटेवरच गेला, आणि त्यानंतर कुठे शेवटची तोफ बाहेर निघाली.

गियापच्या नव्या बेताचं नाव 'नक्की मारा, नक्की पुढे सरका'. ऐकायला सोपं वाटतं, पण तीन दिवसांची लढाई दोन महिन्यांवर नेली की सगळ्यात आधी प्रश्न भाताचा येतो. पन्नास हजारांच्या आसपास सैन्य, शिवाय वाहतुकीला माणसं, आणि तांदळाची कोठारं शेकडो किलोमीटर दूर, थान्ह होआसारख्या सपाटीच्या प्रांतांत. आधीच्या वायव्य मोहिमेचा हिशेब गियापच्या तोंडपाठ होता: एक किलो तांदूळ आघाडीवर पोचवायचा, तर चोवीस किलो वाटेत खर्च होतो. हा आकडा खरा वाटत नाही ना? कागदावर मांडून बघा. कावड घेतलेला माणूस वीस-पंचवीस किलो उचलतो. डोंगरात, रात्रीचं चालतो. दिवसाला किलोच्या आसपास तांदूळ त्याला लागतो, जाताना आणि येतानाही. दोन आठवड्यांची वाट असली, की त्याने उचललेलं त्यालाच पुरत नाही. म्हणजे आणखी माणसं लावून प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. एका तोंडामागे जास्त वजन कसं जाईल, हा खरा प्रश्न. ट्रक होते सहाशेच्या वर, सोव्हिएत बनावटीचे, पण रस्ते बॉम्बने उखडलेले आणि सगळीकडे ट्रक जात नाही.

म्हणून सायकल. तिच्यावर कोणी बसत नाही, तिला ढकलत चालायचं. सायकली बऱ्याचशा फ्रेंच बनावटीच्या, प्यूजो कंपनीच्या. मालक शहरांतले साधे लोक, ते स्वतःच सायकल घेऊन आले. मालवाहू सायकल अशी तयार होते: हँडलच्या डाव्या टोकाला हातभर लांबीचा बांबू घट्ट बांधायचा, म्हणजे बाजूने चालतानाही हँडल हातात राहतं. सीट काढून तिच्या नळीत दुसरा बांबू उभा खोचायचा. तो ढकलायला, तोल धरायला आणि उतारावर मागे खेचायला. चेन-पायडलचा उपयोग नाही, ती पायाला अडतात. बरेचजण ती काढूनच टाकत. फ्रेमला आणि पुढच्या चिमट्याला लाकडाचा किंवा लोखंडी पट्टीचा आधार द्यायचा. आणि मग सगळ्यात हुशारीची गोष्ट: जुन्या पॅन्टचे पाय कापून ते कापड ट्यूबवर गुंडाळायचं आणि वरून टायर चढवायचा. दोनशे किलो वजनाखाली साधी ट्यूब दगडावर आपटली की फुटते, तेवढ्या आवरणाने ती तगते. पोती दोन्ही बाजूंना सारखी आणि शक्य तितकी खाली टांगायची. मागे जास्त झालं तर चढावर पुढचं चाक उचलतं, वर जास्त झालं तर सायकल वळणावर आडवी होते आणि भरलेली सायकल एकट्याला उभी करता येत नाही. उतारावर एक हँडलला, एक-दोघं मागे दोराने धरून. तुटणारी वस्तू म्हणजे आरे. म्हणून दर गटात दुरुस्तीचं जाणणारा एकजण. आधी ऐंशी-शंभर किलो न्यायचे, मग दोनशे, पुढे तीनशेच्याही वर. फू थोच्या एका सायकलवाल्याने ३५२ किलो नेल्याची नोंद आहे. अशा जवळपास २१ हजार सायकली आणि २ लाख ६० हजारांवर साधी माणसं, त्यांत बायका खूप. पहाट झाली की सगळं झाडीत, अंधार पडला की पुन्हा रांग.

तोफांचंही तसंच. या वेळी दोर नव्हते; मधल्या दीड महिन्यात ट्रक जाईल असे रस्ते कोरले आणि तोफा ट्रकमागून आल्या. पण मुख्य बदल त्यांच्या घरांत होता. आधी तोफा उघड्यावर ठेवायच्या होत्या. आता डोंगराच्या पोटात, खोऱ्याकडच्या उतारावर एकेकीला गुहा खणली. एका गुहेला दोनशे-तीनशे घनमीटर माती. वर मीटर-मीटरचे थर लाकूड-मातीचे, पुढे फक्त नळी बाहेर काढण्यापुरतं तोंड. उकरलेली ताजी माती वरून लगेच दिसते, म्हणून ती वाहून लांब टाकायची किंवा झाडोऱ्याने झाकायची. दुसरीकडे लाकडी नळ्यांच्या खोट्या तोफा उभ्या केल्या आणि खऱ्या तोफा डागतानाच तिथेही दारू उडवायची सोय केली. फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख होता कर्नल शार्ल पिरोथ, आधीच्या युद्धात एक हात गमावलेला. व्हिएतनामी तोफा इथवर येऊच शकत नाहीत, आल्या तर आपण त्या गप्प करू, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्याचं गणित पुस्तकी नियमाप्रमाणे चुकीचं नव्हतं. तोफा डोंगरामागे असतात, धूर दिसतो, अंतर काढता येतं. इथे त्या समोरच्या उतारावर, जमिनीच्या आत होत्या. १३ मार्चला संध्याकाळी पाचच्या सुमारास मारा सुरू झाला, हिम लामचं ठाणं त्याच रात्री पडलं, आणि दोन दिवसांत पिरोथने आपल्या खंदकात हातबॉम्बने स्वतःला संपवलं. शत्रू असला तरी हे वाचताना चटका बसतो. आपला शब्द खोटा ठरला, हे त्याला जिवापेक्षा जड झालं.

आपल्याकडे हे सगळं 'गनिमी कावा' या एका शब्दात मिटवलं जातं. व्हिएतनामने शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून अमेरिकेला हरवलं, त्यांचा कोणी नेता रायगडावर येऊन नतमस्तक झाला, असा मजकूर मराठी फोनांवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याला कसलाच पुरावा नाही. महाराजांना अशा उसन्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि व्हिएतनामींना तर मुळीच नाही. त्यांच्याकडे १२८८ सालचा बाख डांग नदीवरचा त्रान हुंग दाओ आहे. भरतीच्या वेळी पाण्याखाली झाकले जातील असे टोकदार खांब नदीच्या तळाला रोवायचे, मंगोल जहाजांना भरतीबरोबर आत ओढून आणायचं आणि ओहोटी लागली की उलटायचं. हीच युक्ती त्याच नदीवर न्गो क्वेनने ९३८ला केली होती. असा देश दुसऱ्याकडून युक्ती मागत नाही. आणखी एक. दिएन बिएन फू हा गनिमी कावा नव्हताच, तो वेढा होता. त्याच्यासाठी लागणारे शब्द आपल्या बखरींत तयार आहेत: वेढा, मोर्चे, खंदक, सुरुंग, रसद. छापा घालून पसार होणाऱ्या सैन्याला जागेवर बसून, माती उकरत, हाताहाताने पुढे सरकत लढायला शिकवणं, हे तिथे घडलं. शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचे खंदक त्या खोऱ्यात खणले गेले आणि ते शेवटी फ्रेंच धावपट्टीलाच आडवे गेले.

सुरुंगाचंही सांगायला हवं. आ-एक नावाची टेकडी मार्चअखेरपासून घेता घेता घेतली जात नव्हती. तिच्या पोटात पक्कं तळघर होतं. शेवटी टेकडीखालून बोगदा खणायचं ठरलं. माती इतकी टणक, की पहिल्या रात्रींत हातभर काम झालं. वरून हातबॉम्ब पडत. आत जसजसं जावं तसा श्वास पुरेना, दिवा विझायला लागला. तरी दोन आठवड्यांत पन्नासेक मीटर गेले. आत ९६० किलो स्फोटकं रचली. ६ मेच्या रात्री साडेआठला बत्ती दिली. शेवटच्या हल्ल्याचा इशारा तोच होता. डोळे दिपतील, कान फुटतील म्हणून माणसांना पाठ करून बसायला सांगितलं होतं. पण आवाज दबका आला. जमीन हलली आणि धूर उठला, एवढंच. क्षणभर कोणाला कळेना, की हाच का तो इशारा. दुसऱ्या दिवशी, ७ मेला संध्याकाळी, फ्रेंच सेनापती द कास्त्री पकडला गेला. छप्पन दिवस. दहा हजारांवर फ्रेंच बाजूचे सैनिक कैद झाले आणि त्यांतले जेमतेम ३३०० जिवंत परतले. हा आकडा विजयाच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. भुकेने आणि रोगाने छावण्यांच्या वाटेवर गेलेली ती माणसंही कोणाची तरी होती.

पुढचं वाचकाला माहीत आहे. जिनिव्हाचा करार, सतराव्या अक्षांशाशी देशाचे उत्तर-दक्षिण असे दोन तात्पुरते भाग, दोन वर्षांनी निवडणुका आणि मग एक देश. निवडणुका झाल्याच नाहीत. दोन भागांमधल्या बेन हाय नदीवर हिएन लुओंग नावाचा १७८ मीटरचा पूल होता. त्याच्या मधोमध सेंटिमीटरभर रुंदीची पांढरी रेघ मारली. फळ्यासुद्धा मोजल्या: उत्तरेकडे ४५०, दक्षिणेकडे ४४४. भारताच्या अध्यक्षतेखालच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाने या कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायचं होतं. आपले अधिकारी या भागात वर्षानुवर्षं नोंदी करत होते. तिथे रंगाचं एक वेगळंच युद्ध झालं. दक्षिणेने आपला अर्धा पूल निळा रंगवला, तर उत्तरेने आपलाही निळा केला. दक्षिणेने तपकिरी लावला, तर उत्तरेने तपकिरी. एका बाजूला आपण वेगळे आहोत हे दाखवायचं होतं, दुसऱ्या बाजूला पूल एकाच रंगाचा दिसायला हवा होता. रणगाडे, बॉम्ब, नापाम, एजंट ऑरेंज यांच्या पुढे हे पोरखेळ वाटेल. मला मात्र एकीकरण या जड शब्दाचा अर्थ त्या रंगाच्या डब्यात जास्त दिसतो. दोन वर्षांची रेघ एकवीस वर्षं टिकली. पूल १९६७ला बॉम्बने पडला.

त्या एकवीस वर्षांत त्रुओंग सोनच्या डोंगरांतून दक्षिणेला जाणारी वाट तयार झाली. १९५९च्या मे महिन्यात तिचं काम सुरू झालं म्हणून त्या तुकडीचं नाव ५५९. सुरुवातीला पाठीवर आणि पुन्हा त्याच सायकलींवर, मग ट्रक, मग पेट्रोलची नळवाहिनीसुद्धा. तिच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

१९७५च्या आरंभी हनोईचा, म्हणजे उत्तरेचा, बेत दोन वर्षांचा होता. यंदा तयारी, पुढच्या वर्षी शेवटचा घाव. १० आणि ११ मार्चला बुओन मा थुओत घेतलं आणि सायगॉनच्या, म्हणजे दक्षिणेच्या, सैन्याने मध्य पठारावरून इतकी घाईची माघार घेतली, की सगळी आघाडीच उसवली. २६ मार्चला ह्युए, २९ला दा नांग. ७ एप्रिलला गियापने तार काढली: वेगाने, अजून वेगाने, धाडसाने, अजून धाडसाने, एकेक तास, एकेक मिनिट कामी लावा. हाच तो माणूस, ज्याने एकवीस वर्षांपूर्वी कपाळाला पाला बांधून सगळ्यांना थांबवलं होतं. तेव्हा तीन दिवसांची लढाई त्याने छप्पन दिवसांची केली. आता दोन वर्षांची मोहीम पंचावन्न दिवसांत संपली. दोन्ही वेळा त्याने आधी ठरलेला बेत बाजूला ठेवून समोरच्या माणसाकडे पाहिलं. १९५४मध्ये फ्रेंच पाय रोवत होते, १९७५मध्ये सायगॉनचं सैन्य पाय काढत होतं. त्याचा स्वभाव सबुरीचा की धडाडीचा, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो.

३० एप्रिलला सायगॉनच्या राष्ट्रपती प्रासादाचं फाटक रणगाड्याने पाडलं. वर्षानुवर्षं ८४३ क्रमांकाच्या रणगाड्याचं नाव सांगितलं गेलं, कारण त्याचा प्रमुख बुई क्वांग थान याने वर जाऊन झेंडा फडकवला होता. प्रत्यक्षात ८४३ बाजूच्या फाटकात अडकला होता. मुख्य फाटक पाडून आत गेला तो ३९०. फ्रान्स्वाज देम्युल्देर या फ्रेंच छायाचित्रकाराने तो क्षण टिपला होता आणि तो फोटो व्हिएतनाममध्ये १९९५ला पोचला तेव्हा चूक उमगली. ३९०चे चौघं तोवर आपापल्या गावी परतून साधी कामं करत होते. वीस वर्षं त्यांनी त्याबद्दल आरडाओरडा केला नव्हता.

२ जुलै १९७६ला दोन्ही भाग मिळून एक देश जाहीर झाला. रेघ पुसली गेली. पण पुसताना हात जड पडला, हेही खरं आहे. हरलेल्या बाजूच्या माणसांना 'पुनर्शिक्षणा'च्या छावण्यांत वर्षानुवर्षं ठेवलं गेलं, आणि पुढच्या वीस वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसं होड्यांत बसून समुद्रमार्गे दुसऱ्या देशांच्या किनाऱ्यांना लागली. जी पोचली नाहीत त्यांचा हिशेब कोणाकडेच नाही. १९७९च्या फेब्रुवारीत, ज्यांचे सल्लागार मुओंग फांगच्या जंगलातल्या मुख्यालयात गियापशेजारी बसले होते, त्यांच्याच, म्हणजे चीनच्या, फौजा उत्तरेच्या सीमेवरून आत घुसल्या. पूल एका रंगाचा करण्यासाठी ज्यांनी जीव दिला, त्यांना यांतलं काहीच पाहावं लागलं नाही, एवढं त्यांचं नशीब म्हणायचं का, हे मला ठरवता येत नाही.

दिएन बिएन फूमध्ये त्या आ-एक टेकडीच्या पायथ्याशी एक दफनभूमी आहे. टेकडीवर सुरुंगाचा खड्डा अजून आहे, गवताने भरलेला. दफनभूमीत ६४४ कबरी. त्यांतल्या चारांवर नाव आहे. फान दिन्ह ज्योत, ज्याने हिम लामला बंदुकीच्या झरोक्यावर आपली छाती लावली. बे व्हान दान, ज्याने मशीनगन आपल्या खांद्यावर टेकवून दुसऱ्याला गोळीबार करू दिला. त्रान कान, ज्याने हिम लामवर झेंडा नेला. आणि तो विन्ह दिएन, ज्याने शत्रूवर जाणारी नव्हे, तर परत येणारी तोफ अडवली. बाकीचे ६४० दगड सारखे आहेत. त्या रात्री केळीच्या उतारावर दोराच्या मागच्या टोकाला कोण होतं, आणि त्यांतले किती मे महिन्यापर्यंत उरले, ते त्या दगडांवर लिहिलेलं नाही. तोफ दरीत गेली नाही. १३ मार्चपर्यंत तिच्यासारख्या तोफा पुन्हा त्याच खोऱ्याभोवती मोर्च्यांवर उभ्या होत्या.